चिंचेपर्यंत आणि परत

त्या मंगळवारी सकाळी अण्णांनी पुन्हा चहा मागितला आणि आई म्हणाली, "दवाखान्यात सहा डॉक्टर आणून बसवलेत ना, त्यांच्याकडे मागा."

"ते सहाही अजून माझ्याकडेच मागतात," अण्णा म्हणाले. अर्धा कप मिळाला. तो त्यांनी उभ्यानंच प्यायला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "शरू, घड्याळ."

१९५७ चा जानेवारी होता. वर्ध्याला गुरांच्या दवाखान्यात दहा दिवसांचा वर्ग चालू होता, आणि हा नववा दिवस. ठिकठिकाणच्या तालुक्यांतून सहा तरुण पशुवैद्य आले होते. बैलाचा खूर, म्हशीचं अडलेलं वासरू, यांत त्यांचे हात चांगले बसलेले होते. घोड्याच्या छातीला मात्र त्यांच्यापैकी कुणी नीट कान लावला नव्हता. वर्ग मागून घेतला होता अण्णांनीच; दवाखान्याचे मोठे डॉक्टर तेच. आदल्या पावसाळ्यात स्टेशनच्या रस्त्यावर टांग्याचा एक घोडा चालता चालता कोसळला. आत बाळंतीण बसलेली होती. त्या घोड्याला महिन्यापूर्वीच कुणी तरी तंदुरुस्तीचा दाखला दिला होता. दाखला कुणी दिला याची चौकशी अण्णांनी केली नाही. घरी येऊन हात धुतले आणि वर पत्र लिहायला बसले.

लढाईच्या काळात अण्णा ब्रह्मदेशात खेचरांच्या आणि घोड्यांच्या तांड्याबरोबर होते. तिथल्या ओलीत स्टेथोस्कोपची नळी कुजून गेली, तेव्हा ते घोड्याच्या कोपराच्या मागे, डाव्या बाजूला, नुसता कान लावून ऐकायला शिकले. वर्गातही तोच क्रम होता. आधी तळहात, मग कान, मग नळी. जो ऐकेल त्यानं मोकळ्या हाताच्या बोटानं बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर ठोका वाजवायचा, म्हणजे बाकीच्या पाचांनाही घोड्याच्या आत काय चाललंय ते ऐकू येईल. मी मिनिट मोजायची. मी शिकवायची ती शाळा दुपारची, आणि अण्णांचं खिशातलं घड्याळ धरून बसायचं काम माझ्याकडे आठव्या वर्षापासून होतं. ऐकायला मी तिथेच शिकले. मी मराठी शिकवते, पण एखाद्या घोड्याची छाती मला अजून कवितेपेक्षा लवकर कळते.

अण्णांचा मुख्य धडा एकच होता. निरोगी घोडा निवांत उभा असला की त्याचं हृदय मधूनच एखादा ठोका सोडून देतं. चार ठोके, एक रिकामी जागा, पुन्हा चार. नवा डॉक्टर ते ऐकून घाबरतो आणि घोडा बाद करतो. उलट खरोखर बिघडलेल्या घोड्यालाही तोच डॉक्टर सवयीनं सोडून देतो.

"एकदा ऐकून तोंड उघडायचं नाही," अण्णा सांगायचे. "त्या चिंचेपर्यंत पळवायचा, परत आणायचा, आणि दुसऱ्यांदा ऐकायचं. सुटलेले ठोके भरून आले तर घोडा चांगला. नाही भरले तर मालकाला बाजूला घेऊन सांगायचं. चारचौघांत नाही. त्याची भाकर असते ती."

घोड्याआधी माणूस, अशीही त्यांची एक पद्धत होती. रोज एका विद्यार्थ्यानं आधी अण्णांचीच छाती ऐकायची. "माणसाचा ठोका ओळखीचा असतो. ओळखीच्या घरून निघावं म्हणजे वाट चुकत नाही." ते स्टुलावर बसायचे, कोटाची आणि सदऱ्याची बटणं सोडायचे, आणि थंडीनं शहारल्याचं नाटक करायचे.

त्या दिवशी पाळी मधूची होती. मधू जवळच्या आंजी गावचा. वडिलांची वांग्याची वाडी, आणि घराण्यातला हा पहिलाच शिकलेला. येताना पिशवीभर वांगी आणायचा आणि आईच्या हाती देऊन पळून जायचा. त्यानं नळी लावली, डब्यावर बोट वाजवलं, आणि पंधरा सेकंदांत मान वर केली.

"बराबर चालू हाये सर. घडीवानी."

"पंधरा सेकंदांत घोडा विकत घेतोस काय रे?" अण्णा म्हणाले. सगळे हसले. "याला मिनिट म्हणजे काय ते दाखव, शरू. घड्याळ प्रभाकररावांकडे दे."

प्रभाकरराव म्हणजे दवाखान्यातले अण्णांच्या हाताखालचे डॉक्टर. मी त्यांना घड्याळ दिलं. पदर खोचला आणि अण्णांच्या छातीवर नळी टेकवली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग एक ठोका आला नाही. मग पुढचे तीन आले आणि एक आला नाही. मग सात. मग दोन लागोपाठ, घाईघाईनं, आणि त्यानंतर एवढी मोठी रिकामी जागा की मी नकळत श्वास धरला. घोड्याच्या थांबण्याला एक हिशेब असतो. याला नव्हता.

माझं बोट डब्यावर चालूच होतं. टक, टक, टक, टक. एकही जागा रिकामी न सोडता.

ते मी ठरवून केलं असं म्हणता येत नाही, आणि नकळत केलं असंही म्हणता येत नाही. समोर सहा तरुण डॉक्टर उभे होते, चंद्रभान टांगेवाला त्याची घोडी धरून उभा होता. चारचौघांत नाही, एवढंच डोक्यात होतं. मिनिट संपलं. मी नळी काढली. अण्णा माझ्याकडे बघत होते.

"काय गं? पास की नापास?"

"पास," मी म्हणाले.

"ऐकलंत? सरकारी दाखला मिळाला मला." ते बटणं लावू लागले.

मग घोडीची पाळी. मी प्रभाकररावांकडून घड्याळ परत घेतलं. चंद्रभानच्या घोडीचं नाव बिजली, आणि तिच्या नावावरून त्याला रोज ऐकून घ्यावं लागायचं.

"चंद्रभान, बिजली कधी चमकते का रे?" एका विद्यार्थ्यानं विचारलं.

"हासा, हासा. पॅसिंजर आली का तुमच्या सासूले घरी आनाले हेच लागते. मंग मुकाट्यानं बसता मांगं."

बिजली उभी असताना चार ठोक्यांनंतर एक सोडत होती. डब्यावर ते स्वच्छ ऐकू आलं. आता तिला चिंचेपर्यंत पळवायची. चंद्रभाननं आदल्या दिवशी पायात काटा मोडून घेतला होता, तो लंगडत पुढे झाला.

"राहू दे. तुझ्यापेक्षा घोडी लवकर परत येईल आणि तू तिथेच राहशील," असं म्हणून अण्णांनी लगाम हातात घेतला.

मी "अण्णा" म्हटलं. एवढंच म्हटलं. ते निघाले होते. सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलबंड्या रस्त्यावर उभ्या होत्या, त्यांच्या कडेनं ते घोडीबरोबर पळत गेले, एक हात टोपीवर. चिंचेला वळसा घालून परत आले. चेहरा लाल झाला होता, हसत होते, आणि स्टुलावर बसले ते जरा जड बसले. कपाळ पुसलं.

"वेळ लाव, शरू. पटकन. घोडीचं लगेच ऐकावं लागतं."

नळी घोडीला लागली. सगळे घोडीकडे वळले. मीही घड्याळाकडे वळले. डब्यावर ठोके भरून आले होते, सलग, एकामागून एक. "बघा," अण्णा बसूनच म्हणाले, "किती छान." त्या क्षणी नळी मागून घेऊन त्यांच्याजवळ जायला मला चार पावलं पुरली असती. सेवाग्रामचा दवाखाना तिथून पाच मैल. बिजली ताजी होती, टांगा बाजूलाच उभा होता.

मी मनाशी म्हणाले, घरी गेल्यावर. संध्याकाळी शाळेतून आले तर त्यांनी मधूच्या वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं आणि आईला चिडवलं. इतका खुशीत असलेला माणूस. मी मनाशी म्हणाले, उद्या.

बुधवारी सकाळी ते ओट्यावर बूट घालायला बसले. आई आतून म्हणाली, "आज एकच कप मिळेल." उत्तर आलं नाही. मी बाहेर गेले तर एक बूट पायात होता.

त्यानंतर जो आला तो "अचानक" म्हणाला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, शेजारचे बंडोपंत म्हणाले, पुलगावहून मामा आले ते म्हणाले. आई प्रत्येकाला सांगायची, "आदल्याच दिवशी शरूनं तपासलं होतं हो. काही नव्हतं." तिला त्याचा आधार वाटायचा. तेरा दिवस मी ते वाक्य ऐकलं. पाहुण्यांना पाणी दिलं, पानं मांडली, पानं उचलली. आधाराचं वाक्य खोटं असलं तर ते काढून घ्यायचं कसं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

वर्गाचा एक दिवस राहिला होता. वरून पत्र आलं की तो पुरा करून परीक्षा घ्यावी. प्रभाकरराव घरी आले. ओट्यावर चप्पल काढताना ते जरा थांबले, तिथे बसावं की नाही असं.

"ताई, घड्याळ धराल का? दुसऱ्या कुणाच्या हातात बघवणार नाही."

मी गेले. स्टूल तिथेच होतं, त्यावर कुणी बसलं नव्हतं. डबा होता. चंद्रभान बिजलीला घेऊन आला होता. मला बघून त्यानं डोक्याचं फडकं काढलं. बिजलीनं माझ्या मागे मान लांब करून पाहिलं. तिला रोज अण्णांच्या खिशातून गूळ मिळायचा.

पहिलं नाव मधूचं पुकारलं. तो पुढे आला. तेरा दिवसांत त्याचे गाल बसले होते. प्रभाकररावांनी नळी पुढे केली. त्यानं हात मागे घेतला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"मी नाई लावत, साहेब."

"म्हणजे?"

"राजीनामा हाये. मी आंजीले जातो, बाबाच्या वाडीत."

"काऊन गा, डाक्टर?" चंद्रभान म्हणाला. "बिजली चावत नाई कोनाले."

मधूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "सरायच्या छातीले नळी लावून मी म्हनलं, घडीवानी चालू हाये. समद्यायसमोर. दुसऱ्या दिवशी मानूस गेला. उद्या मी कोनाच्या टांग्याले दाखला देईन आन् त्यात कोनाची लेक बसन. मी इथं उभा राहाच्या लायक नाई. वांगं बरं, माह्या हातानं मरत नाई."

"अरे, वेडा आहेस का?" प्रभाकरराव म्हणाले. "तुझ्यानंतर शरयूताईंनी ऐकलं. पूर्ण मिनिट. घड्याळ माझ्या हातात होतं. डब्यावर आम्ही सगळ्यांनी ऐकलं, एक ठोका सुटला नाही. ज्यांच्या कानावर सरांचा भरवसा होता त्यांनाच काही ऐकू आलं नाही, तर तुला काय येणार? अचानक झालं ते. कुणाची चूक नाही."

"ताईचं सोडा. त्या लेक हायेत. माह्यं तं काम हाये हे." त्यानं कागद स्टुलावर ठेवला, अण्णा बसायचे तिथे, आणि तो उडू नये म्हणून वर स्वतःची नळी ठेवली.

प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगावं, समजूत घालावी, अशा नजरेनं. बाकीचे पाचही जण माझ्याकडे बघत होते. मला समजूत घालता आली असती. मी म्हणाले असते, मधू, तुमचं बरोबर होतं, मीही तेच ऐकलं. आणि तो कदाचित थांबला असता. आयुष्यभर दर घोड्यापाशी स्वतःच्या कानाला भीत राहिला असता, पण थांबला असता. आईचं वाक्य आईकडे राहिलं असतं.

मी घड्याळ प्रभाकररावांच्या हातात दिलं. डबा उचलला आणि खाली दवाखान्याच्या ओट्यावर बसले.

"ऐका," मी म्हणाले.

आणि बोटानं वाजवलं. टक, टक, टक. थांबले. टक, टक, टक. थांबले. मग सात. मग दोन, घाईघाईनं. मग ती मोठी रिकामी जागा, जिच्यात मी त्या दिवशी श्वास धरला होता. इतके दिवस झाले तरी बोटाला सगळं पाठ होतं. मिनिटभर मी वाजवत राहिले. मधूनं मधेच मान वर केली. त्याला समजलं होतं.

"कोनता घोडा हा?" चंद्रभाननं हळूच विचारलं. "चिंचेपर्यंत नेऊ नका याले."

"घोडा नाही," मी म्हणाले. "मधू, तुम्ही ऐकलंत तेवढ्या वेळात ते नव्हतं. तुमचं चुकलं नाही. हे अण्णांचं आहे. मी ऐकलं होतं. डब्यावर भरून वाजवलं, पास म्हटलं, आणि ते चिंचेपर्यंत जाऊन परत आले तेव्हा मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही."