मोहाला बांधलेला बकरा

माणसानं नेकीनं वागावं आणि तरी कुणी त्याच्याशी दोन शब्द बोलू नयेत, यासारखं दुःख नाही. वाचकहो, आपल्यापैकी कितीकांनी ते मुकाट गिळलं असेल! भैयाजी नाकेदारानंही गिळलं.

गोष्ट १९५४ सालची. सावली गावाकडच्या धानाच्या शेतांत वाढलेला हा गडी सूरजागडच्या डोंगराखाली, जंगलखात्याच्या नाक्यावर नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार, म्हणून येऊन पडला. कुडाची झोपडी, एक कंदील आणि बोलायला भिंत. रोज स्वतःपुरता भात शिजवायचा आणि स्वतःलाच विचारायचा, "मीठ बरोबर हाय ना?"

पहिल्यांदा तो गावात दौऱ्यावर गेला, तर सगळी दारं बंद. मोहाच्या झाडाला एक कोंबडी बांधलेली. आधीचे नाकेदार फुकट कोंबड्या उचलत, फुकट राबवून घेत. म्हणून नाकेदार येणार म्हटलं की कोंबडी बांधून ठेवायची आणि दारं लावून घ्यायची, अशी रीतच गावानं धरली होती. भैयाजीला लाज वाटली. त्यानं कोंबडी सोडून दिली. आता लोक बाहेर येतील, 'या भाऊ, बसा' म्हणतील, असं त्याला वाटलं. कुत्रंसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दौऱ्यालाही तेच.

तिसऱ्या दौऱ्याला झाडाला चक्क बकरा होता!

भैयाजी हादरलाच. कोंबडी नको, म्हणजे या नाकेदाराची भूक मोठी, असा अर्थ गावानं काढला होता. "अरे, कोणी हाय का नाई इथी?" तो ओरडला.

"मी हाय ना," ओसरीवरून सोमारी म्हातारी म्हणाली. "गुडघे पळू देत नाई मले."

तो तिच्यापुढं मटकन बसला. "माय, कोणाचं एक अंडं नाई घेतलं मी. तरी मले कोणी माणूस समजत नाई. काऊन सोसू? त्यापेक्षा बकराच नेतो आज!"

"ने. कोण अडवते तुले?" सोमारी शांतपणे म्हणाली. "पण बाबू, कोंबडी कायले सोडली होती तू?"

"फुकट घेणं वाईट, म्हणून."

"का आम्ही तुले चांगला म्हणावं, म्हणून? मंग कोंबडी सोडून तू आमचं गोड बोलणं मागत होता. मागणं ते मागणंच!"

हे मात्र भैयाजीच्या वर्मी लागलं.

"आमच्या मनात भेव भरलं ते आधीच्या नाकेदारांनी," ती म्हणाली. "ते कधी जाईन, हे तुह्या हाती नाई. दारं आमची हायत. दावं सोडणं तेवढं तुह्या हाती. तेवढं कर अन् पोटभर जेव."

हाय रे देवा! जे आपलं नव्हतंच त्यासाठी तो झुरत होता, आणि जे आपलं होतं तेच आज टाकायला निघाला होता! भैयाजीनं उठून बकऱ्याचं दावं सोडलं. या वेळी त्यानं दारांकडं पाहिलं नाही.

पुढं दोन वर्षं तो तसाच वागला. झाडाला काही बांधणं गावानं हळूहळू सोडलं, पण गप्पा मारायला कुणी आलं नाही. बदली झाली तेव्हा निरोपालाही कुणी नव्हतं. सोमारी आदल्या उन्हाळ्यातच गेली होती. भैयाजी रडला का? रडला की! एकटेपणा काय खोटा असतो? पण डोळे पुसून त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि ताठ मानेनं वाटेला लागला.

बंधुभगिनींनो, लोक आपल्याला चांगलं कधी म्हणतील, म्हणतील की नाही, हे त्यांच्यावर सोडा. आपण कसं वागायचं, तेवढं मात्र कुणाच्या हाती देऊ नका!