ऑक्तावीची सात वर्षं

त्या डिसेंबरात थंडी अशी पडली होती की चिमणीतून निघालेला धूर वर जायलाच तयार नव्हता. छपरावर खांबासारखा ताठ उभा राहायचा. ऑक्तावी देझार्ले सांगायची, मी त्याला दोरी बांधून दोन पांघरुणं वाळत घातली. कुणी हसलं तर ती पांघरुणं आणून दाखवायची. पांघरुणं खरीच वाळलेली असायची, मग पुढे काय बोलणार?

सास्कॅचेवान प्रांताच्या पार उत्तरेला, गावाबाहेरच्या ओढ्यावरचा पूल ओलांडला की तिचं एकटीचंच घर. नवरा बाप्तिस्त जाऊन बारा वर्षं झाली होती. नाताळच्या आठवड्यात तिचा भाचा नोर्बेर पत्र घेऊन आला. गावच्या कौन्सिलचा प्रमुख तोच आणि बर्फ काढायची गाडी चालवणाराही तोच. एक जानेवारीपासून गाडी पुलावरूनच माघारी फिरणार होती. एका म्हातारीसाठी तीन किलोमीटर बर्फ कोण उपसणार? शहरातल्या वृद्धाश्रमात त्याने खोलीही सांगून ठेवली होती. तिथं नळाला गरम पाणी येतं, असं त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं. ऑक्तावी म्हणाली, ते माझ्याकडेही येतं, मी तापवलं की.

"रस्त्याला वर्दळ लागते, आत्या. तुझ्याकडे येतं कोण?"

हे मात्र तिला लागलं, कारण खरं होतं.

वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळं गाव आधी सर्वात वडीलधाऱ्या माणसाच्या घरी जायचं. गुडघे टेकायचे, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा, दोन्ही गालांचे मुके घ्यायचे, मग मांसाच्या गोळ्यांचं सूप. त्याआधी कुठे घास घ्यायचा नाही, कुणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत. हे मोडलं तर वर्ष लागतच नाही, असं लहानपणापासून सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. गेली अकरा वर्षं हा मान दुकानाशेजारच्या आम्ब्रोज लालिबर्तेकडे होता. तो शहाऐंशीचा. ऑक्तावी चौऱ्याऐंशीची.

म्हणजे, असं गाव समजत होतं.

संध्याकाळी गावच्या रेडिओवर निरोप सांगायची वेळ असे. कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाला मुलगी झाली. ऑक्तावीने फोन लावला.

"मी चौऱ्याऐंशीची नाही. एक्क्याण्णवची आहे. लग्नात बाप्तिस्तला एकोणीस सांगितलं, तेव्हा मी सव्वीसची होते. त्याला आता वरती कळलंच असेल, म्हणून तुम्हालाही सांगते. पहिल्या तारखेला सूप माझ्याकडे आहे."

गावातल्या बायकांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. वय चोरणारी बाई सगळ्यांनी पाहिली होती, चोरलेलं परत करणारी ही पहिलीच. आम्ब्रोजने लगेच रेडिओवर फोन करून सांगितलं की म्हातारी थापा मारतेय. त्यावर ऑक्तावीने रेडिओवरच विचारलं, पाच वर्षांचा असताना तू ओढ्यात पडलास, तेव्हा तुझे केस धरून कुणी ओढलं? मी दहाची होते म्हणून जमलं. आम्ब्रोजने टोपी काढून डोकं चाचपलं. केस तर पुराव्यालाही उरले नव्हते, पण माणूस प्रामाणिक होता. शेवटी म्हणाला, ओढताना फार दुखलं होतं.

पहिल्या तारखेला पारा उणे सेहेचाळीसला जाऊन तिथेच कुडकुडत बसला. कावळे उडायचं सोडून पायी निघाले होते. पुलापलीकडे कमरेइतका बर्फ, आणि पुलाअलीकडे गावातल्या झाडून सगळ्या गाड्या, उपाशी माणसांनी भरलेल्या. सर्वात पुढे आम्ब्रोज हॉर्न दाबून बसला होता. तो म्हणाला, मान गेला तर गेला, पण मी नवं वर्ष उपाशी काढणार नाही. नोर्बेरने कौन्सिलचा ठराव आठवून पाहिला. त्याच्याही पोटात काल रात्रीपासून काही नव्हतं. त्याने मुकाट्याने गाडीचं पातं खाली टेकवलं.

तोच सगळ्यांच्या पुढे पोचला, म्हणून स्वयंपाकघरात पहिले गुडघेही त्यानेच टेकले. मागे दारापर्यंत रांग, शेगडीवर वाफाळणारं पातेलं. ऑक्तावीने हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर वीतभर उंच थांबवला.

"आत्या, ठेव ना."

"ठेवते की. रस्त्याचं सांग आधी."

"हे बरोबर नाही, आत्या. आशीर्वादाचा सौदा करतात का?"

"हात माझा आहे. दुपारपर्यंत असाच धरून ठेवीन. एक्क्याण्णव वर्षं काढलीत, हे काय मोठंसं?"

मागून आम्ब्रोज गुरगुरला, "अरे, बोलून टाक, सूप आटतंय."

नोर्बेर जमिनीकडे बघत पुटपुटला, "मार्चपर्यंत काढीन."

हात हलला नाही.

"बर्फ वितळेपर्यंत," तो म्हणाला.

"आणि पुढच्या वर्षी?"

"तू असेपर्यंत, आत्या."

"मग गाडी चांगली मजबूत घे," ऑक्तावी म्हणाली, आणि हात असा दाबून ठेवला की नोर्बेरचं नाक गुडघ्यांना टेकलं.