ओरखड्याचा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्या पोटावर मधून काठापर्यंत गेलेला एक ओरखडा आहे आणि तो मी लपवत नाही. सुरकुत्या लपवायची हौस माणसांना, मला नाही.

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला कोरी आणली आणि माझ्यात बिघडलेल्या मशीनांचे आवाज भरले. मध्येमध्ये तो बोले, "हा सुईच्या दांड्याचा ठोका. चाक हातानं एक फेरा फिरवतो, मोज." त्याची मुलगी, म्हणजे आमची ताई, मला ऐकूनच काम शिकली. पुढे कारागीर वारला. त्याच्या मुलाने, दादाने, दुकान आवरताना मला पाकिटाशिवाय पेचकसांच्या डब्यात टाकले. आवरणे म्हणजे दिसेनासे करणे, असा त्याचा ठाम समज. ओरखडा तिथलाच.

परवा सकाळी बॅगा शिवणाऱ्या काकू मशीन घेऊन ताईकडे आल्या. म्हणाल्या, "दोघा दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले, बाई. दुपारी भंगारवाला येतोय. हे गेलं की माझं कामच बसलं. जमतंय का बोल."

ताईने चाक फिरवले. एका फेऱ्यात दोन ठोके. दोष वर सुईच्या दांड्यात की खाली दोरा पकडणाऱ्या हुकात? दोन्हीकडे उघडायला वेळ नव्हता. तिने मला शोधून काढले.

दादाने ओरखडा पाहिला. "अगं, ही आता प्रत्येक गिरकीला स्वतःच टक करणार! बाबांचा ठोका कुठला, हिचा कुठला? थांब, पुसतो." आणि फडक्याने गोल गोल घासायला लागला.

"दादा, ताट आहे का ते? मधून बाहेर पूस. गोल चरा पडला तर ओळीनं सगळं सलग जाईल!"

मित्रांनो, आमच्यात आवाज आकड्यांच्या रूपात, गोल गोल जाणाऱ्या एका ओळीत लिहिलेला असतो, आणि सलग जाण्याचीच आम्हाला भीती. म्हणून आमच्यात आवाजाचे आकडे शेजारी शेजारी बसवत नाहीत. एका गटातले आकडे लांब लांब विखुरतात आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे ठेवतात. ओरखडा सलग जागा खातो, पण प्रत्येक गटातला एखाददुसराच आकडा त्याच्या हाती लागतो. चौघांच्या वजनाची बेरीज माहीत असली की एकाचे पुसलेले वजन वजाबाकीने काढता येते ना? सीडी वाजवणारे यंत्र साधारण तसाच हिशेब करते.

मी फिरले. "हा सुईच्या दांड्याचा," कारागीर बोलला. एक ठोका. पुन्हा फेरा, पुन्हा एकच.

"आणि हा हुकाचा." दोन ठोके.

माझा ओरखडा दोन्ही आवाजांतून आरपार गेला होता. पहिल्यात माझी एक जरी टक मिसळली असती, तर तिथेही दोन ठोके मोजून ताईने वरचे झाकण उघडले असते. मी चकार शब्द काढला नाही.

ताईने मशीन आडवे केले. खाली हुकाच्या दांड्यावरचा स्क्रू सैल सापडला. तो आवळताच ठोका थांबला. काकूंनी तिथेच एक बॅग शिवून पाहिली आणि भंगारवाल्याला फोन लावला, "भाऊ, तुम्ही येऊ नका."

मित्रांनो, मी सोसते म्हणजे कितीही सोसेन असे नाही. ओळीच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत पुसले गेलेले मी पुरते भरून काढते. त्यापुढे यंत्र अंदाज करते, आणि अंदाजही संपला की गप्प होते. तेव्हा मला काठाला धरा, पाकिटात ठेवा आणि ज्याचा आवाज पुन्हा मिळणार नाही त्याची आणखी एक प्रत आजच काढा. ताईने तीन काढल्या. एक दादाला दिली, पण पाकीट स्वतः चिकटवून.