उजवा कान

"एक टोक माझ्या कानात, दुसरं तुमच्या. मी नाक दाबून हलकी फुंकर मारणार. 'टक्' असा आवाज आला की सांगायचं. बस, एवढंच काम आहे."

देविका दारातच उभी राहिली. सकाळचे साडेसात, समोरच्या फ्लॅटमधले मयेकर काका आणि त्यांच्या हातात हातभर लांब रबरी नळी. आठ महिन्यांच्या शेजारात दोघांचं बोलणं झालं होतं ते लिफ्टमध्ये, 'एकोणीस ना?' एवढंच. लिफ्ट सुटली की हा माणूस नाक दाबून गाल फुगवतो, हे मात्र तिने पाहिलं होतं. अशा माणसाने सकाळी नळी घेऊन बेल वाजवली तर दाराची साखळी कोण काढेल? तिनेही काढली नव्हती.

"काका, डॉक्टरकडे नाही का जाता येणार?"

"डॉक्टर दहाला येतो. मला नऊला पाण्यात उतरायचंय."

धोंडू मयेकर पाणबुड्या होता. जहाजांचे पंखे साफ करायचे, गोदीचे दरवाजे हाताने चाचपून कुठे गळतंय ते सांगायचं, हे काम त्याने चौतीस वर्षं केलं होतं. मुंबई बंदरातलं पाणी म्हणजे कोरा चहा. तिथे डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, सारखंच. सगळी भिस्त हातांवर आणि कानांवर. खाली जाताना दर दोन-तीन फुटांवर पाणी कानाचा पडदा दाबायला लागतं. तेव्हा नाक चिमटीत धरून फुंकर मारायची किंवा आवंढा गिळायचा. आतून हवा जाते, कान टक् करून उघडतो आणि दुखायचं थांबतं. नाही उघडला तर हातभर वर यायचं, पुन्हा करून बघायचं. जोर मात्र करायचा नाही.

हे शेवटचं धोंडूला पंचविशीत कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा सर्दी अंगावर काढून तो उतरला, कान उघडेना म्हणून जीव खाऊन फुंकर मारली आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. गार पाणी आत शिरलं, डोकं असं गरगरलं की वर कुठे नि खाली कुठे समजेना. बुडबुडे ज्या बाजूला गेले त्या बाजूला तो गेला, म्हणून वाचला. पडदा भरून आला, पण त्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच. गोदीतल्या मित्रांनी लसूण घालून कढवलेलं खोबरेल सुचवलं, ते ऐकून परळच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांनीच ही नळी दिली. डावा कान उघडला की नाही हे धोंडूला स्वतःला कधीच कळणार नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी नळीतून ऐकायला हवं होतं.

ती दुसरी म्हणजे शेवंती, त्याची बायको.

लालबागच्या चाळीत हा कार्यक्रम रोज सकाळी चालायचा. सर्दीचा नुसता संशय आला तरी आधी तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, मग नळी. आधी डावा, मग उजवा. "दोनय कान वाजले. जावा आता," ती म्हणायची. उजव्याची तपासणी खरं तर फुकटची होती, कारण तो धोंडूला स्वतःलाच खणखणीत ऐकू यायचा. त्यामुळे शेवंतीची लबाडी त्याला पहिल्याच वर्षी कळली. वर्षातून एखाद्या सकाळी उजवा चांगला वाजायचा आणि ती नळी काढून शांतपणे म्हणायची, "उजवो काय वाजाक नाय हां. आज जाव नकात." धडधडीत खोटं! मूलबाळ नव्हतं, दहा बाय बाराची खोलीसुद्धा तिला दिवसभर मोठी पडत असणार. धोंडूने कधी विचारलं नाही. मुकाट्याने बूट काढून ठेवायचा. मग दुपारी दोघं भायखळ्याला भाजी आणायला जायची, घरात भाजी असली तरी.

तीस वर्षांत त्याने ही लबाडी तिच्या तोंडावर एकदाच पकडली.

ती मागल्या वर्षीच्या जानेवारीत. चाळीच्या जागी टॉवर उठत होता आणि दोघं ट्रान्झिट कॅम्पात राहत होती. गोदीत जहाज खोळंबलं होतं, धोंडूला घाई होती. शेवंतीने नळी काढली. "उजवो वाजाक नाय," ती म्हणाली.

"अगो, माका आयकाक इलो ना!" तो म्हणाला. मला ऐकू आला की!

तिने वाद घातला नाही. नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली. छातीत दुखतंय, एवढं एक वाक्य ती बोलली असती तर! पण नवऱ्याला 'घरी थांबा' म्हणायची तिला हीच एक रीत ठाऊक होती. बारा वाजून दहा मिनिटांनी धोंडू पाण्यातून वर आला, तेव्हा काठावर सुपरवायझर यतीन फोन हातात धरून उभा होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर धोंडू पाण्यात उतरलाच नाही. काठावर बसून दुसऱ्या पाणबुड्यांच्या दोऱ्या धरू लागला. टॉवरमध्ये राहायला आला. शेवंतीने हे घर पाहिलंच नाही. इथे भिंतीला खिळा मारायचा तरी सोसायटीला विचारावं लागे, नळी खिडकीच्या कडीला लटकली. संध्याकाळी टीव्ही मोठा लावला तरी घर गप्पच. खाली पाण्यात कोणीच बोलत नाही, म्हणून तिथे एकटं वाटत नाही. धोंडूला पुन्हा खाली जायचं होतं. फार जायचं होतं. आणि आज सकाळी यतीनचा फोन आला. "काका, जुना दरवाजा गळतोय. तो तुमच्याशिवाय कोणाला कळत नाय. आज उतरलात तर परत लिस्टमधे, नायतर साहेब नाव काढून टाकतायत. माझ्या हातात नाय काय."

यातलं काहीच त्याने देविकाला सांगितलं नाही. "माझी मिसेस ऐकायची," तो म्हणाला. "ती नाहीये आता."

देविकाने साखळी काढली.

तिने केस मागे घेऊन नळीचं टोक कानात धरलं. धोंडूने डाव्या कानाने सुरुवात केली. नाक दाबलं, फुंकर मारली.

"आला!" तिचे डोळे चमकले. "बारीक, पण आला. बुडबुडा फुटल्यासारखा."

धोंडूच्या छातीवरचं ओझं उतरलं. भीती होती ती डाव्याचीच. आता उजवा, तो नुसता रीतीपुरता. त्याने नळी उजव्या कानात घातली, फुंकर मारली. टक्. त्याला स्वच्छ ऐकू आला.

"नाही आला," देविका म्हणाली.

"परत बघा." टक्.

"नाही काका. खरंच काही नाही." तिने नळी पुन्हा नीट बसवली, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "मलाच जमत नसेल, पहिल्यांदाच करतेय ना. तुम्हाला ऐकू आला का? आला असेल तर जा तुम्ही, माझ्यावर काय जाताय!"

धोंडूने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर तयारच होतं, दीड वर्षापूर्वीचं. पण ही मुलगी नळी कानाशी धरून काळजीने त्याच्याकडे बघत होती आणि ते वाक्य त्याच्याच्याने पुन्हा बोलवेना.

"नाही," तो म्हणाला. "मलापण नाही आला. आज नको मग."

"पण तुमचं काम?"

"कान उघडल्याशिवाय उतरायचं नसतं. नियमच आहे तो."

"चहा तरी घ्या काका."

"राहू दे. तुमची ऑफिसची वेळ झाली."

घरात येऊन त्याने यतीनला फोन लावला. "उजवा उघडला नाही रे."

"उजवा? काका, उजवा तर तुमचा एकदम टकाटक ना?"

"हो. पण नाही उघडला."

"नाव कापतील काका. मग परत नाय होणार काय."

"कापू दे."

त्याने बूट काढून दाराशी जोडीने ठेवले. ओवा भाजायचं काही कारण नव्हतं, तरी थोडा भाजला. घरभर वास झाला. मग खिडकीपाशी खुर्ची ओढून तो बसला. नऊ वाजले, दहा वाजले, दूर गोदीच्या क्रेन हलत होत्या. बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने नाक चिमटीत धरलं आणि हलकीच फुंकर मारली. उजवा कान टक् करून उघडला.

"वाजाक नाय गो," तो मोठ्याने म्हणाला. "आज घरीच आसय."