खंड्याची दोन कवचं

जुन्नरात मनालच्या घरी रविवारी दुपारी चौघं खेळायला बसली, की चहा निवायचा आणि राक्षस तापायचा. मनाल गोष्ट सांगायची, पटावरचा राक्षस हलवायची. बाकीची तिघं फासे टाकून आपापला जीव वाचवायची. आज मात्र बोरीच्या तेजस्विनीने आणि तिच्या थोरल्या भावाने, गोरखने, कहरच केला. खेळात दोघंही मांत्रिक. राक्षस पुढ्यात उभा असताना दोघांनी एकमेकांना न विचारता आपापला शेवटचा कवचमंत्र टाकला, तोही टोळीचं सामान ओढणाऱ्या बैलावर!

“अरं, योद्धा मी हाय ना? मला उघडा ठेवून बैलाला दोन कवचं?” मनालच्या भावाने, झीशानने, कपाळावर हात मारला.

“आणि ती दुप्पट नाय होत,” मनाल म्हणाली. “एकच मंत्र दोनदा लागला, तर जोरदार असेल तोच चालतो. गोरखदादाचा जोरदार. तेजूचा वाया.”

तेजस्विनीचं तोंड एवढंसं झालं. या खेळात मेलेलं माणूस उठवता यायचं, जनावर नाही. पटावरच्या त्या मातीच्या बैलाचं नाव तिने खंड्या ठेवलं होतं. त्यांच्या घरचा खरा खंड्या ट्रॅक्टर आल्यावर बेल्ह्याच्या बाजारात विकला. गोरखच त्याला घेऊन गेला आणि परत येऊन मुकाट जेवला. त्या जेवणाचा तिला अजून राग होता.

राक्षसाने कवचतोड मंत्र फेकला. गोरखचं कवच फुटलं.

“संपला खंड्या,” झीशान म्हणाला.

“कसा संपंल?” गोरख उसळला. “बाजारात मारक्या बैलाला दोन दावी लावत्यात. ताण एकावरच येतो. ते तुटलं म्हणून दुसरं सुटतं व्हय? तेजूचं कवच हाय की खाली!”

मनालने पुस्तक चाळलं आणि हसली. “खरंय राव. वरचा मंत्र गेला की खालचा लागू. आता खंड्याला मारायला राक्षसाला पंधरा तरी पडायला हवेत.”

वीस बाजूंचा फासा गडगडत गेला आणि थांबला. चौदा!

सगळ्यात मोठी आरोळी झीशाननेच ठोकली. “आता तरी मला कुणी कवच द्या!” पण द्यायला कुणाकडे उरलंच नव्हतं.

गोरखने मातीचा बैल उचलला आणि त्याच्या वशिंडावरून हळूच अंगठा फिरवला, गोठ्यात फिरवायचा तसाच. तेजस्विनीचा राग कुठल्या कुठे गेला. तिला भावाची फार माया आली.

“दादा, कवच टाकताना मला इचारायचं तरी!”

“तू इचारलं व्हतं का?” गोरख म्हणाला, आणि बैल तिच्या हातात दिला.