सत्त्याहत्तर नंबरचा चौक

रक्ततपासणी केंद्रात त्या सकाळी पेशंट कमी आणि भक्तच जास्त. नेटवर्क गेलं होतं. तरंगगुरूंनी आपण भेट दिलेल्या शांतिदीपाच्या पेटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि गरजले, "लहरींनो, वाहा!"

आणि काय सांगावं, अडकलेला रिपोर्ट सर्रकन पलीकडच्या इस्पितळात पोचला! टाळ्या पडल्या.

"बाधा कुणाची, गुरुजी?" मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले.

गुरुजींचं बोट खिडकीजवळ बसणाऱ्या, रक्त तपासणाऱ्या ताईंकडं वळलं. "सगळ्यांची यंत्रं मरतात, तेव्हा हिचं एकटीचं जिवंत! ही तुमच्या लहरी पिते. हिला उठवा!"

ताईंची ही एकवीस वर्षांची खुर्ची. आणि नेटवर्क गेलं तरी त्यांचा एकटीचा संगणक चालू राहतो, हे तर खरंच होतं.

"ताई, थोडे दिवस रजा घ्या," डॉक्टर नजर चुकवत म्हणाले.

"परत आल्यावर ही खुर्ची मिळेल?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सरळ करू लागले.

"मग मी उठत नाही. आधी कारण शोधते."

"मग भोगा!" गुरुजींनी चिडून पेटीवरचा हात उचलला. नेटवर्क पुन्हा मेलं.

ताई तडक स्वागतकक्षातल्या मुलीकडं गेल्या. "पोरी, नेटवर्कवरचा प्रिंटर चालतोय?"

"हो की!"

"म्हणजे घरातल्या घरात सगळं ठीक. बाहेरची वाट चुकतेय. निरोप भोळा असतो गं. पहिल्या चौकात जो हात दाखवेल, तिकडं तो निघतो. बघू तरी, चौकात कोण उभंय."

निरोप कुठून कुठून जातो ते दाखवणारी आज्ञा त्यांनी दिली. मुलीच्या पडद्यावर पहिलाच पत्ता सत्त्याहत्तर नंबरचा, पुढं उत्तर न आल्याच्या नुसत्या चांदण्या. ताईंच्या यंत्रावर मात्र पहिला पत्ता एक नंबरचा, आणि वाट थेट इस्पितळापर्यंत.

"आपला राउटर, म्हणजे बाहेरच्या वाटेवरचा खरा पहिला चौक, एक नंबरचा. रक्तमोजणीचं मशीन जोडलंय, त्याला पत्ता बदललेला चालत नाही, म्हणून माझ्या यंत्रात तो मी हातानं लिहून ठेवलाय. बाकीची यंत्रं सुरू होताना वाट विचारतात, आणि कुणीतरी त्यांना सत्त्याहत्तरकडं पाठवतंय. हा आगंतुक कोण?"

ताई शांतिदीपाच्या पेटीपाशी गेल्या. तिला एक वायर विजेची, दुसरी नेटवर्कची.

"हात लावू नकोस! ती लहरींची नाडी आहे! भस्म होशील!" गुरुजी ओरडले.

"होऊ दे." ताईंनी नेटवर्कची ती नाडी उपटली.

भस्मबिस्म काही झालं नाही. मुलीनं आपल्या यंत्राची वायर काढून पुन्हा लावली, यंत्रानं नव्यानं वाट विचारली, आणि रिपोर्ट भराभर निघाले. पेटी उघडली, तर दिव्याखाली छोटासा राउटर आणि तळहाताखाली येईल असं बटण. दाबलं की निरोप पुढं सोडायचे, सोडलं की गिळायचे.

गुरुजी दार शोधू लागले.

"ताई, इथंच मिटवू," डॉक्टर पुटपुटले.

"का? मला चेटकीण सगळ्यांसमोर ठरवलंत ना? मग हेही सगळ्यांसमोर." ताईंनी कीबोर्ड पुढं सरकवला. "आणि माझा जयजयकार नको. मी सांगते म्हणूनही मानू नका. एकेकानं बसा, वाट स्वतः तपासा. जो तपासू देत नाही, त्याच्यापुढं हात जोडायचे नाहीत, त्याला प्रश्न विचारायचा."

वाट तपासायला सगळ्यांत आधी मोठ्या डॉक्टरांनीच खुर्ची ओढली.