दहा आणे उतरव, सहा आणे थांब

मित्रांनो, गुऱ्हाळातल्या उकळत्या पाकात बुड्या मारून म्हातारा झालेला मी एक तापमापक आहे. आता माझे आकडे पुसट झालेत, पण एके काळी माझा तोरा काय वर्णावा!

एकाहत्तर साली काकासाहेबांनी मला नगरहून राहुरीजवळच्या आपल्या गुऱ्हाळात आणले. तिथले गुळव्या कारभारी चाळीस वर्षे नजरेने आणि बोटांनी ओळखत, की पाक कधी उतरवायचा. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, बोटेही भाजून भाजून निबर झाली होती. त्यांची मुलगी राहीबाई हाताखाली होती, पण बाईच्या भरवशावर उकळत्या पाकाची काहील सोडायला काकासाहेब तयार नव्हते.

"ह्यो एकशे अठरावर आला की उतरवायचं. गुळव्या लागतो कशाला?" ते म्हणाले. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला.

पहिल्याच दिवशी मी एकशे अठरा दाखवले, पाक उतरला आणि गूळ काही बसेना. ढेपेच्या जागी नुसता लगदा. ऊस खारवट रानातला होता, त्याचा पाक जास्त आटवावा लागतो, हे मला कोठून कळणार? मला फार लाज वाटली.

"उद्याची काहील बिघडली, तर कोल्हापूरचा गुळव्या आनतो," काकासाहेबांनी बजावले. राहीबाईचे काम आणि तिच्या वडिलांची सारी विद्या त्या एका काहिलीवर टांगली होती.

दुसऱ्या दिवशी कारभारी चुलाणाशेजारी येऊन बसले.

"पोरी, रंग आला का, आसं इचारत न्हाई मी. सोळांतल्या किती आन्यानं आला?"

"चौदा आने, आबा."

"गोळी?"

राहीबाईने पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून चिमटीत दाबला. "धा आने घट्ट हाय."

"आन् त्यो काचंचा पाव्हना?"

"त्यो सोळा आने म्हनतोय."

"मग?"

"सगळ्यांत कमी आसंल ते धरायचं. लंगड्या बैलाच्या चालीनंच गाडी चालती. उतरव धा आने, थांब सहा आने. सहा आने शिजायचं ऱ्हायलंय, म्हनून जाळ बी सहा आन्याचा ठिवते."

तिने चुलाणातली निम्म्याहून जास्त चिपाडे बाहेर ओढायला लावली. जाळ मंदावला.

"आकडा झालाय, उतरव की," काकासाहेब कातावले.

"आकडा झालाय, काकासाहेब. गोळी न्हाई झाली," ती मान न वळवता म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण मनातून मी तिच्याच बाजूला होतो.

थोड्या वेळाने तिने पुन्हा गोळी दाबली. रंग पंधरा आणे, गोळी पंधरा आणे. ती आणखी थांबणार तोच कारभारी म्हणाले, "सोळाची वाट बघू नगंस, करपंल."

काहील उतरली. गूळ गार झाल्यावर साच्यातून ढेप सुटी झाली, पिवळीधमक आणि टणक. काकासाहेबांनी कोपऱ्याचा खडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. "ऱ्हाऊ दे कोल्हापूर," ते म्हणाले. कारभाऱ्यांनी पोरीचा हात चाचपून धरला.

मित्रांनो, मला वापरलेत तर कोमट पाण्याने धुऊन जपून ठेवा. तरी फुटलोच, तर नगरच्या दुकानात माझा भाऊ मिळेल. कारभाऱ्यांसारख्या माणसाचा भाऊ दुकानात मिळत नाही. तो आहे तोवर त्याच्याजवळ बसा, आणि 'हो की नाही' एवढेच न विचारता 'किती' तेही विचारून घ्या. राहीबाईने ते विचारून घेतले होते, म्हणून पुढची बावीस वर्षे त्या चुलाणापुढची गुळव्या तीच होती.